प्यादे देऊ केले आणि डाव रंगला

मुरबाडला किंवा शहापूरला पारावर पट मांडून बसणारे जुने खेळाडू अजून भेटतात. त्यांच्या देशी खेळात प्यादे पहिल्यापासून एकच घर चालते. स्पर्धेत मात्र पहिल्या चालीला ते दोन घरे जाऊ शकते. फरक एवढासा, पण डावाची सुरुवातच बदलते. घरी सगळ्यांना हरवणारी आपली पोरे बाहेरच्या स्पर्धेत पहिल्या दहा खेळ्यांतच अडकतात, ती इथे.

म्हणून नागपूरच्या दिव्या देशमुखचा एक डाव सांगतो. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. समोर कोनेरू हम्पी. हम्पी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता!

पहिल्या डावात पांढरी मोहरी दिव्याकडे होती. तिने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवले. हम्पीनेही तसेच केले. मग दिव्याने शेजारच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, घ्या, मारा! या सुरुवातीला ‘क्वीन्स गॅम्बिट’ म्हणतात. हम्पीने ते मारले. वरवर पाहता एक प्यादे फुकट गेले. पण मारणारे काळे प्यादे मधून बाजूला सरकले आणि पटाचा मध्य पांढऱ्याला मोकळा झाला. दिलेले प्यादेही बहुधा परत मिळते. काळा ते धरून बसला तर त्याचीच मोहरी अडकतात.

चौदाव्या खेळीला दिव्याला मोठी संधी आली होती, ती हातून निसटली. डाव बरोबरीत सुटला, दुसराही तसाच. “हुकली पोरगी,” असे आपण घरी लगेच म्हणून मोकळे होतो. २८ जुलैला जलद डाव झाले. जलद बुद्धिबळात हम्पी २०१९ आणि २०२४ ची जगज्जेती. तरी दुसऱ्या जलद डावात दिव्या काळ्या मोहऱ्यांनी जिंकली. अडीच विरुद्ध दीड. वय १९, मानांकन १५ वे. त्या विजयाने ती थेट भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.

दिव्याचे आईवडील डॉक्टर आहेत. प्रशिक्षक, परदेशवाऱ्या हा खर्च आपल्या पगारात बसत नाही, हे खरेच. पण ही सुरुवात शिकायला पुठ्ठ्याचा पट पुरतो. एमआयडीसीतली पाळी संपवून आलेल्या बापाने मुलीपुढे पट मांडावा, प्यादे दोन घरे चालू द्यावे, पुढच्या खेळ्या तिलाच शोधू द्याव्यात. आणि ती हरवू लागली की जेवायची वेळ झाली म्हणून पट आवरू नये.