पुरुमेंत : घेतलेले टिकवावे, टिकलेले वाटावे

ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचा सण येतो आणि मडगावच्या पवित्र आत्म्याच्या इगर्जीपाशी पुरुमेंताचे फेस्त भरते. सुक्या मिरच्या, सोले, मीठ, कांद्याच्या माळा, सुके बांगडे व सुंगटे यांची तेथे खरेदी चालते. ‘पुरुमेंत’ हा शब्द तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. पावसाळ्याची बेगमी आधीच करून ठेवणे, ही आपल्या वाडवडिलांची दूरदृष्टी होय.

परंतु एकदम पुष्कळ माल घेतला म्हणजे पैसा वाचला, असे मात्र समजू नये. समजा, १०० रुपये किलोची डाळ ९५ रुपयांनी १० किलो घेतली. ५० रुपये वाचले खरे. पण त्यातील एक किलो जरी किडीने खाल्ली, तरी ९५ रुपये गेले! बचत बाजारात निम्मीच होते. उरलेली निम्मी घरच्या साठवणीत होते.

साठवणीचा पहिला शत्रू ओल. धान्य, डाळी व मिरच्या कडक उन्हात वाळवाव्यात, सावलीत पूर्ण निवू द्याव्यात आणि मगच कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत भराव्यात. गरम माल भरल्यास आत घाम धरतो व बुरशी येते. डबे भुईवर किंवा भिंतीला लागून न ठेवता फळीवर ठेवावेत. डाळींना एरंडेलाचा हात लावावा. तांदळात कडुलिंबाची वाळलेली पाने घालावीत. बुरशी आलेले शेंगदाणे वा मिरच्या धुऊन वापरण्याचा मोह टाळावा. त्यांतील विष शिजवल्यानेही पुरते नष्ट होत नाही. नवा माल जुन्यावर कधीही ओतू नये. जुना आधी संपवावा.

आता पुष्कळ घरी फ्रीज आला आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यात मासळी घेऊन गोठविण्याकडे गृहिणींचा कल असतो. तो योग्यच आहे. मात्र गोठविल्याने जंतू मरत नाहीत, केवळ त्यांची वाढ थांबते, हे ध्यानात असू द्यावे. मासळी ताजी असतानाच साफ करावी, एका जेवणाला पुरेल एवढ्याच पुड्या कराव्यात, त्यांतील हवा काढून टाकावी व वर तारीख लिहावी. शून्याखाली १८ अंश थंडी असेल, तर बांगडा-तारल्यांसारखी तेलकट मासळी दोन-तीन महिने चांगली राहते. कमी तेलाची त्याहून अधिक. साध्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एवढी थंडी नसते. तेथील मासळी आठवड्याभरात खावी. पुडी ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सैल करावी आणि एकदा वितळलेली मासळी कच्चीच पुन्हा गोठवू नये.

पावसाळ्यात वीज जातेच. अशा वेळी दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. पूर्ण भरलेला मोठा फ्रीझर बंद राहिल्यास सुमारे ४८ तास, व अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. खालच्या कप्प्यांतील अन्न मात्र चार तासांपलीकडे भरवशाचे नसते. ज्या गावी वीज दिवस दिवस येत नाही, तेथे सुकी मासळी व खारवलेले जिन्नस यांवरच भिस्त ठेवलेली बरी.

भगिनींनो, खरेदीला निघण्यापूर्वी घरात माणसे किती आणि महिन्याला लागते किती, याचा हिशेब कागदावर मांडावा. उधारीवर घेतलेली बेगमी स्वस्त पडत नाही. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठविले ते दुष्काळात लोकांना जगविण्यासाठी; उलट प्रभूच्या दाखल्यातील धनवानाने कोठारे वाढवू म्हटले ते केवळ स्वतःसाठी. साठा दोघांचाही होता, हेतू निराळे होते. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडेही गोळा करविले, आणि बारा टोपल्या भरल्या. आपल्या घरची एखादी टोपली, ऐन आषाढात जिच्या घरी चूल पेटत नाही त्या शेजारणीकडे पोहोचली, तर आपले पुरुमेंत खऱ्या अर्थाने पुरले म्हणावयाचे.