विश्लेषण : रुग्णाने डोळे उघडले, म्हणजे तो शुद्धीवर आला का?

छत्रपती संभाजीनगर : डोक्याला मार लागलेल्या रुग्णाने डोळे उघडले, की आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना हायसे वाटते. पण जागे असणे आणि भानावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईतील केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या बाबतीत हा फरक जवळपास ४२ वर्षे दिसत राहिला.

नेमके काय घडले होते?
२७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्याने मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्या वाचल्या. स्वतः श्वास घेत, झोपत, जाग्या होत. मात्र पूर्वीचे भान परत आले नाही.

जागे कोण ठेवते?
मेंदूच्या तळाशी देठासारखा ब्रेनस्टेम असतो. त्यातील पेशींचे जाळे वरच्या मेंदूला सतत संदेश पाठवून जागे ठेवते. मोरुझ्झी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून हे दाखवले.

मग भान कुठून येते?
त्यासाठी मेंदूचा बाहेरचा थर आणि आतील थॅलॅमस यांच्यात देवाणघेवाण सुरू असावी लागते. प्राणवायू तुटला की हा थर लवकर निकामी होतो, ब्रेनस्टेम तग धरू शकतो. ‘ब्रेन डेड’ रुग्णात ब्रेनस्टेमही बंद पडतो. तो स्वतः श्वास घेऊ शकत नाही.

न्यायालयाने काय म्हटले?
७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अरुणा ब्रेन डेड नसल्याचे नमूद करत त्यांच्या इच्छामरणाची याचिका फेटाळली. त्याच निकालाने अटींसह निष्क्रिय इच्छामरणाला मात्र वाट दिली. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना अखेरपर्यंत सांभाळले. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.

भान आतमध्ये लपलेले असू शकते?
होय. २००६ मध्ये ब्रिटनमधील अशाच अवस्थेतील एका तरुणीला ‘टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा’ असे सांगताच तिच्या मेंदूचे स्कॅन निरोगी व्यक्तीसारखे दिसले.

नातेवाइकांनी काय विचारावे?
डॉक्टर सांगतात त्या १५ गुणांच्या ‘कोमा स्केल’मध्ये डोळे उघडण्याला फक्त ४ गुण आहेत, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६. त्यामुळे ‘डोळे उघडले का’ याबरोबरच ‘सांगितलेले ऐकून हात हलवतो का’ हेही विचारा.