‘प्रौढ’ खेळ म्हणजे रक्तपातच का?

दिवसभर राबून आलेला तरुण मोबाईलवर खेळायला बसतो, तेव्हा पडद्यावर बहुधा बंदूकच असते. जाणत्या माणसासाठी डोके चालवणारा खेळ का नसावा, असे आम्ही विचारतो.

तसा खेळ चालतो. १९९३ साली अमेरिकेत ‘डूम’ हा गोळीबाराचा खेळ आला. त्याच वर्षी रँड व रॉबिन मिलर या भावांनी ‘मिस्ट’ काढला. निर्जन बेट, पुस्तकांतल्या खुणा, यंत्रांची कोडी. मारामारी नाही, घाईही नाही. त्याच्या ६० लाखांवर प्रती खपल्या.

१९९४ पासून तिथे खेळांवर वयाचे शिक्के बसू लागले. ‘प्रौढ’ हा शिक्का रक्तपाताला मिळतो, विचाराला नाही.

बंधुभगिनींनो, पोराला रागावण्याआधी शेजारी बसा. विचारा, ‘यात मारण्याखेरीज काय करता येतं रे?’