मंगळ : आधी यंत्र, मग माणूस

कोण काय करतो? ऑर्बिटर ग्रहाभोवती फिरतो, लँडर उतरला तिथेच राहतो, रोव्हर चाकांवर हिंडतो. भारताचे ‘मंगळयान’ (कक्षेत प्रवेश २४ सप्टेंबर २०१४) ऑर्बिटर होते.

● मुहूर्त : मंगळाकडे यान सोडण्याची संधी साधारण २६ महिन्यांनी एकदा. हुकला की पुन्हा तेवढीच वाट.

● संदेश : पृथ्वीवरून मंगळावर पोहोचायला अंदाजे ३ ते २२ मिनिटे. त्यामुळे रोव्हर पृथ्वीवरून थेट हाकता येत नाही. कामांची यादी एकदम पाठवतात. वाटेतले दगड तो स्वतः चुकवतो.

● पर्सिव्हिअरन्स : हा रोव्हर मंगळावरच्या जेझेरो विवरात १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरला. वजन १,०२५ किलो. खडकाचे खडूएवढे नमुने टायटॅनियमच्या नळ्यांत सीलबंद. नळ्या अजून मंगळावरच. सोबतच्या १.८ किलोच्या ‘इन्जेन्युइटी’ हेलिकॉप्टरची ठरलेली उड्डाणे ५, झाली ७२!

● श्वास : याच रोव्हरवरच्या ‘मॉक्सी’ यंत्राने मंगळाच्या हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन बनवला. २०२१ ते २०२३ मध्ये मिळून १२२ ग्रॅम. एका माणसाची रोजची गरज सुमारे ८४० ग्रॅम.

● माणूस : जाण्यासच ६ ते ९ महिने. तुलनेसाठी, माणसाच्या सलग अंतराळवासाचा विक्रम ४३७ दिवसांचा : वालेरी पोल्याकोव्ह, ‘मीर’ स्थानक, १९९४-९५.