कूलरला चिकटलेला प्रोसेसर

वाशीम-कारंजाकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि कॉम्प्युटरमधली धूळ साफ करायची आठवण होते. घाई नडते ती त्यासाठी कूलर काढताना. एएमडीच्या एएम४ सॉकेट प्रकारात प्रोसेसरच्या पोटाला १३३१ नाजूक पिना असतात. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट वर्षानुवर्षे तापून घट्ट होते. कूलर सरळ वर ओढला, की सॉकेटचा खटका लावलेला असूनही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो आणि पिना वाकतात.

म्हणून आधी कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटे कामाला लावावा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग बंद करून वायर काढावी, कूलरचे क्लिप किंवा स्क्रू सोडावेत आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवावा. पकड सुटल्याचे हाताला कळते. तोवर उचलायचा नाही.

प्रोसेसर चिकटून आलाच, तर मध्ये स्क्रूड्रायव्हर मुळीच खुपसू नये. हेअर ड्रायरने कूलरचा धातू कोमट करावा, प्रोसेसर फक्त कडांना धरून पिळावा. तरीही हलला नाही, तर दात साफ करायचा दोरा फटीतून करवतीसारखा ओढावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. वाकलेली एखादी पिन रिकाम्या ०.५ मिमी यांत्रिक पेन्सिलच्या टोकाने सावकाश सरळ होते. २०२२ च्या एएम५ पासून पिना सॉकेटमध्ये गेल्या आणि प्रोसेसर धातूच्या चौकटीखाली दाबला जातो.