व्यावसायिक लॅटिन बॉलरूम नर्तकाची कारकीर्द : स्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना : आंबिवलीलगतच्या मोहने येथील एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि या परिसरातील ‘कायमची नोकरी’ या कल्पनेस तडा गेला. येथील एखादा विद्यार्थी नृत्य हा व्यवसाय म्हणून निवडू पाहतो, तेव्हा प्राध्यापकांनी त्यास माहितीच्या आधारे मार्गदर्शन करणे अगत्याचे ठरते.

स्वरूप : आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या लॅटिन विभागात साम्बा, चा-चा-चा, रुम्बा, पासो डोब्ले व जाइव्ह या पाच नृत्यांचा समावेश होतो. इंग्लंडमधील ब्लॅकपूल येथे १९२० पासून भरणारा नृत्यमहोत्सव हे या क्षेत्रातील मानाचे व्यासपीठ होय. स्पर्धा जोडीने लढवावयाची असल्याने जोडीदार दुरावल्यास अनेक वर्षांची जुळवणी नव्याने करावी लागते. शिवाय प्रशिक्षण, वेशभूषा व प्रवास यांचा खर्च बहुधा नर्तकासच सोसावा लागतो.

भारतीय संदर्भ : ब्रिटिश कार्यक्रमाच्या धर्तीवर २००६ साली सुरू झालेल्या ‘झलक दिखला जा’मुळे जोडीने करावयाच्या नृत्यास घरोघरी प्रेक्षक लाभला. तथापि, प्रेक्षक लाभणे म्हणजे उपजीविका लाभणे नव्हे. मुंबईतील संदीप सोपारकर यांनी नर्तक, शिक्षक व नृत्यदिग्दर्शक अशा तिन्ही भूमिका सांभाळल्या, ही बाब या दृष्टीने बोलकी आहे.

निष्कर्ष : शरीराची साथ मर्यादित काळाची असते, अध्यापनकौशल्य मात्र दीर्घकाळ टिकते. म्हणून नृत्यसाधनेबरोबरच पदवी व अध्यापनाचे प्रशिक्षण पूर्ण करण्याचा आग्रह धरणे, हे विद्यार्थ्यास परावृत्त करणे नसून त्याचा मार्ग भक्कम करणे होय.