अठरानंतरचा पत्ता

बालगृहात वाढलेल्या अनेक मुलांचा जन्मदिवस कुणालाच आठवत नसतो, कारण तो पाहिलेलं माणूसच जवळ नसतं. रेल्वे स्थानकावर किंवा देवळाच्या पायरीवर सापडलेल्या मुलाकडे शाळेचा दाखला नसेल, नगरपालिकेचा जन्मदाखलाही नसेल, तर 2015 च्या बाल न्याय अधिनियमातलं कलम 94 लागू होतं. डॉक्टर हाडांचा एक्स-रे वगैरे पाहून वय सांगतात आणि ते कागदावर चढतं. मुळात हा अंदाज, त्यात वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो. पण त्या अंदाजावरून मोजलेला अठरावा वाढदिवस मात्र पक्का. त्यानंतर बालगृहातली कॉट दुसऱ्या मुलासाठी रिकामी करायची.

मग जायचं कुठे? या प्रश्नाला सरकारने दिलेलं उत्तर म्हणजे अनुरक्षणगृह. बालगृह, निरीक्षणगृह हे शब्द निदान बातम्यांतून कानावर पडतात. अनुरक्षणगृह म्हणजे काय, हे शेजारच्याला विचारून पाहा. संस्थेतून बाहेर पडलेल्या अठरा ते एकवीस वर्षांच्या मुलामुलींना राहायला जागा आणि पायावर उभं राहायला थोडा अवधी मिळावा, एवढाच त्याचा हेतू. अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं वाढवून मिळू शकतात.

कागदावर ही योजना उत्तम आहे, हे आधी मान्य करू. 2016 चे केंद्राचे आदर्श नियम मोठं वसतिगृह बांधा असं म्हणत नाहीत. सहा-आठ जणांनी मिळून राहायचं तात्पुरतं घर त्यांना अपेक्षित आहे. पुण्यात फ्लॅट घेऊन गावाकडची मुलं एकत्र राहतात, साधारण तसंच. शिवाय काम शिकताना विद्यावेतन, पुढे शिकायचं असेल तर शिष्यवृत्ती, बोलायला समुपदेशक, धंद्यासाठी कर्ज. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा बालकल्याण अधिकाऱ्याने त्याच्या पुढच्या आयुष्याचा आराखडा तयार करून बालकल्याण समितीपुढे ठेवायचा असतो.

माझा आक्षेप या दोन महिन्यांवरच आहे. ज्याने आयुष्यात कधी भाजी आणली नाही, वीजबिल पाहिलं नाही, बँकेत एकट्याने पाऊल टाकलं नाही, त्याला साठ दिवसांत संसार कसा शिकवणार? संस्थेत घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की जेवायचं. पैसे हातात येत नाहीत, म्हणून ते संपतही नाहीत. घरातला मुलगा हे सगळं दहाव्या वर्षापासून वाण्याच्या दुकानात चकरा मारत शिकतो.

दुसरी अडचण पैशांची. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 46 मध्ये आर्थिक मदतीची तरतूद आहे, पण ती दिलीच पाहिजे असं बंधन नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुरक्षणासाठी दरमहा 4000 रुपये धरले आहेत. पुण्यात कॉट बेसिसवर जागा आणि दोन वेळचा डबा घेतला की त्यात बसचा पास तरी निघतो का, हे पुण्यात राहणाऱ्यांनीच सांगावं.

तिसरी अडचण कागदांची, आणि ती सगळ्यांत चिवट. भाडेकरार करायला ओळखीचा माणूस लागतो. अर्जात वडिलांचं नाव, कायमचा पत्ता आणि जातीचा रकाना असतो. महाराष्ट्राने 2018 मध्ये अनाथांसाठी शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण आणलं. हे मोठं पाऊल आहे, यात शंका नाही. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र हवं, आणि संस्था सोडल्यावर ते मिळवायचं म्हणजे ज्या दारातून बाहेर पडलो तिथेच जुनी नोंदवही शोधायला परत जायचं.

मुलींचं आणखी एक. संस्थेतल्या मुलीचं लग्न लावून दिलं की पुनर्वसन झालं, असा हिशेब आपल्याकडे फार काळ चालत आला. पाहुणे येतात, अक्षता पडतात, फोटो छापून येतो. वर्षभराने त्या मुलीला माहेरी बोलवायला कोण आहे, हे विचारायला फोटोग्राफर जात नाही.

अनाथ मूल वाचवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं; पंढरपूरचा बालकाश्रम 1875 चा. फुल्यांनी तर एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतलं आणि तो डॉक्टर झाला. त्याला नाव, घर आणि शिक्षण असं तिन्ही मिळालं. नंतरच्या काळात आपण संस्था पुष्कळ उभ्या केल्या, पण हे तिन्ही एकत्र देणं क्वचितच जमलं.

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर हे त्यातला ठळक अपवाद. त्यांच्या आश्रमातली बहुतेक मुलं दिव्यांग. अठरा झाली म्हणून अशा मुलांना बाहेर काढायचं, हे बाबांनी कधीच मानलं नाही. कायदा बदला, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले. मुलांच्या नावापुढे त्यांनी स्वतःचं आडनाव लावलं. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी तिथे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी एमपीएससीतून लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तेव्हा तिने पंचविशी ओलांडली होती. नियमाच्या तेवीस वर्षांनाही ती पुरून उरली.

वझ्झर प्रत्येक जिल्ह्यात होणार नाही. शंकरबाबा शासन निर्णय काढून तयार होत नाहीत. सरकारला मात्र आराखडा दोन महिन्यांऐवजी नववीपासून सुरू करता येईल, आणि प्रमाणपत्र, बँक खातं, आधार हातात दिल्याशिवाय मुलाला निरोप देणार नाही असा नियम करता येईल. यासाठी फार खर्चही नाही.

आणि वाचकांना एक विनंती. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो. तुमची एखादी खोली भाड्याने द्यायची असेल, दुकानात हाताखाली माणूस हवा असेल किंवा भाडेकरारावर ओळख म्हणून सही करायची तयारी असेल, तर तिथे जाऊन तसं सांगून ठेवा. या वर्षी तुमच्या जिल्ह्यातही कुणीतरी अठरा वर्षांचं होणार आहे.